मक्याचं पेट्रोल: पंपावरच्या ई२०चा हिशेब

उत्पादन: ई२० पेट्रोल, म्हणजे शंभर लिटरमध्ये वीस लिटर इथेनॉल. मिळतं कुठे: देशातल्या जवळजवळ प्रत्येक पंपावर. भाव: साध्या पेट्रोलचाच, मुंबईत २०२५ मध्ये लिटरला १०३ रुपयांच्या वर. पर्याय: १०० ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं पेट्रोल मोजक्या पंपांवर असतं, पण त्याला २०२५ मध्ये लिटरमागे १६०च्या आसपास मोजावे लागत. म्हणजे बहुतेकांना पर्याय नाहीच.

इथेनॉल म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर साखर कारखाना उभा राहतो आणि नाकात मळीचा वास येतो. ही समजूत आता जुनी झाली. २०२५-२६ च्या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०४८ कोटी लिटर इथेनॉल मंजूर केलं. त्यात मक्याचा वाटा जवळपास ४६ टक्के आहे, अन्न महामंडळाच्या तांदळाचा २२, आणि रस व दोन्ही प्रकारची मळी धरून उसाचा जेमतेम २८. हा पालट डिसेंबर २०२३ पासूनचा. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल या धास्तीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं आणि मक्याच्या इथेनॉलला सगळ्यांत चढा भाव दिला: लिटरला ७१.८६ रुपये. त्या तुलनेत उसाच्या रसाचं ६५.६१, बी-हेवी मळीचं (जिच्यात साखर जास्त उरते) ६०.७३ आणि सी-हेवीचं (जिच्यात कमी) ५७.९७. पुढच्या वर्षी रसावरची बंदी उठली, पण तोवर धान्याच्या डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या होत्या. तेव्हा आज टाकीत पडतो तो बराचसा मका आहे, आणि त्याचं परीक्षणही मका म्हणूनच करायला हवं.

एका क्विंटलचं काय होतं

मका आधी हॅमर मिलमध्ये दळतात. पीठ पाण्यात कालवून ८५ ते ९० अंशांवर अल्फा-अमायलेज हे विकर घालतात, त्याने स्टार्चची घट्ट पेज पातळ होते. मग ग्लुकोअमायलेज स्टार्चची साखर करतं, यीस्ट ती खाऊन दोन-अडीच दिवसांत अल्कोहोल बनवतं. उसाच्या कारखान्याला ही पहिली अर्धी कसरत लागत नाही, त्याच्याकडे साखर आयतीच असते. मक्याच्या कारखान्याला मात्र उरलेला, पशुखाद्याला विकला जाणारा चोथा वाळवायला वेगळी वाफ लागते, आणि ती वाफ बहुतेक ठिकाणी दगडी कोळशावर तयार होते. कार्बनच्या हिशेबात पुढे हीच वाफ आडवी येते.

ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल साधारण ९५ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतं. उरलेलं पाणी उकळून वेगळं निघत नाही, त्यासाठी वाफ झिओलाइटच्या बारीक मण्यांमधून नेतात. मणी पाणी धरून ठेवतात आणि ९९.५ टक्क्यांच्या पुढचं कोरडं इथेनॉल बाहेर येतं. या टप्प्यावर झालेला हलगर्जीपणा थेट गाडीच्या टाकीपर्यंत पोचतो.

आता पैसे. आपल्याकडे एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. ७१.८६ ने गुणलं की २,७३० रुपये होतात. मक्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये आहे. म्हणजे शेतकऱ्याला पूर्ण हमीभाव दिला तर विकरं, वाफ, वीज, मजुरी, व्याज या सगळ्याला हातात राहतात ३३० रुपये, आणि वर चोथा. कारखाना चालतो तो या चोथ्यावर, नाहीतर हमीभावाच्या खाली मका घेऊन. २०२५ च्या अखेरीस कर्नाटकातले मका उत्पादक हमीभावासाठी रस्त्यावर उतरले. इथेनॉलमुळे मक्याला कायमचा भाव मिळाला असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं.

टाकीत नेमकं काय कमी पडतं

पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या एका लिटरमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिसळलं की मिश्रणात २९.८ उरतात, म्हणजे निव्वळ पेट्रोलपेक्षा पावणेसात टक्के कमी. पण निव्वळ पेट्रोल आपण कधीच मागे सोडलं आहे. आधीच्या ई१० शी (दहा टक्के इथेनॉल) तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांचा. गाडीचं ॲव्हरेज थेट २० टक्क्यांनी पडलं अशा ज्या तक्रारी फिरतात, त्या निव्वळ इंधनाच्या रसायनशास्त्रात बसत नाहीत. तेवढी घट असेल तर फिल्टर, प्लग, ऑक्सिजन सेन्सर किंवा टायरमधली हवा बघायला हवी.

नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातले आकडे असे: मूळ बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी, आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या चारचाकीचं १ ते २ टक्क्यांनी. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जवळपास हेच मान्य केलं, ‘इतर गाड्यां’साठी ३ ते ६ टक्के असं म्हणत.

रुपयांत मांडू. लिटरला १५ किलोमीटर देणारी, वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी जुनी कार ८०० लिटर पेट्रोल पिते. ॲव्हरेज पाच टक्क्यांनी घटलं तर ८४२ लिटर लागतं, म्हणजे वर्षाला साधारण ४,३०० रुपये जास्त. लिटरला ५० देणाऱ्या मोटरसायकलला तेवढ्याच अंतरात चार टक्क्यांच्या घटीने दहा लिटर जादा, हजारएक रुपये. कोणाचं घर बुडणार नाही, पण हे पैसे पावतीवर कुठे दिसत नाहीत. माझी खरी तक्रार इथेच आहे. कमी ऊर्जेचं इंधन विकायला हरकत नाही, ते पूर्ण ऊर्जेच्या भावाने विकायला आहे. ई२० साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं, अशी शिफारस त्याच नीती आयोगाच्या आराखड्यात होती.

मग स्वस्त का नाही? कारण इथेनॉल स्वस्त राहिलेलं नाही. मक्याच्या इथेनॉलवर पाच टक्के जीएसटी चढवला की ७५ रुपयांच्या वर जातं, वाहतूक वेगळी. करांआधीचं पेट्रोल २०२५ मध्ये यापेक्षा कमी पडत होतं, हे मंत्रालयानेच सांगितलं आहे. ऊर्जेच्या मापाने तर अंतर आणखी रुंदावतं: एक लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा हवी तर दीड लिटर इथेनॉल लागतं, म्हणजे करांआधीच १०८ रुपये.

जमेची बाजू ऑक्टेनची, म्हणजे इंजिन ठोकू न देण्याच्या इंधनाच्या ताकदीची. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या घरात असतो, त्यामुळे ई२० चा ९५ भरतो. जुन्या साध्या पेट्रोलचा किमान ९१ होता. शिवाय इथेनॉलची वाफ होताना ते बरीच उष्णता शोषतं, सिलिंडरमधली हवा गार होते आणि इंजिन ठोकत नाही. चढावर, भर उन्हात, गाडी भरलेली असताना हा फायदा जाणवतो, पण ठिणगीची वेळ स्वतः पुढे-मागे करू शकणाऱ्या इंजिनालाच. ९१ साठी बांधलेल्या, ठरलेल्या टायमिंगच्या इंजिनाला ९५ चा उपयोग शून्य.

कोणत्या गाडीत काय बिघडतं

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई२० सोसणारे आहेत आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनंही त्यासाठी जुळवलेली येतात. टाकीच्या झाकणाजवळचा स्टिकर बघा, नाहीतर मॅन्युअल. अशा गाडीच्या मालकाने हा भाग वाचला नाही तरी चालेल.

त्याआधीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सांभाळून घेतो. पेट्रोलला हवा लागते वजनाच्या १४.७ पट, ई२० ला साधारण १३.५ पट, संगणक त्या हिशेबाने इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. प्रश्न येतो तो रबराचा. ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात मंत्रालयाचंच म्हणणं आहे की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. खर्च फार नाही, पण तो कोणी करायचा याचा उल्लेख नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी नळी दोन बोटांत दाबून बघा. मऊ, फुगीर, चिकट लागली किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या की बदलायची, आणि बदलताना इथेनॉल चालणारीच मागायची. साधी नायट्राइल रबराची नळी पुन्हा तेच दुखणं देईल.

खरे हाल कार्ब्युरेटरवाल्यांचे. तिथे सेन्सर नाही, पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक ठरलेलं, त्यामुळे मिश्रण आपोआप हलकं पडतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. लक्षणं ठरलेली: सकाळी चोक ओढूनही दोन-तीनदा बंद पडणं, ॲक्सिलरेटर एकदम पिळला की अडखळणं, सायलेन्सरमध्ये फटाके, प्लगचं टोक पांढुरकं. उपाय म्हणजे मिश्रणाच्या स्क्रूची पाव ते अर्धी फेरी. स्क्रू कार्ब्युरेटरच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घ्यायचा. इंजिनाकडे असेल तर इंधनाचा, बाहेर काढायचा. तेवढ्याने भागलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा. त्यापुढे जाऊ नका, नाहीतर काळा धूर आणि प्लगवर काजळी.

दुसरं दुखणं फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीतलं. पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या टोकाचं रबर फुगलं की ती नीट बसत नाही आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. पितळी जेटवर आणि जस्ताच्या बॉडीवर पांढरा-हिरवा थर धरतो; पायलट जेटचं भोक मुळात केसाएवढं, ते पहिलं बुजतं. ते तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा फवारा पुरतो.

आणखी एक गंमत. इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. जुन्या लोखंडी टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला डिंक ते सोडवतं आणि तो सगळा गाळ फिल्टरमध्ये येतो. ई२० भरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला गाडी दम टाकायला लागली तर इंजिन खोलायच्या आधी फिल्टर बदला. हा खर्च एकदाच येतो.

पाणी

निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते तळाशी बसतं आणि डिपस्टिकवर कळतं. इथेनॉल मात्र पाणी पिऊन घेतं. ई१० मध्ये साधारण अर्धा टक्का पाणी मुरतं, ई२० त्याहून जास्त पचवतं, आणि तोवर बाहेरून काही दिसत नाही. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री तापमान उतरलं, की इथेनॉल पाण्याला घेऊन एकदम खाली बसतं. वर उरतं ते ऑक्टेन गमावलेलं पेट्रोल, खाली पाणी-अल्कोहोलचा थर. गाडी इंधन घेते खालूनच.

पावसाळ्यात पंपाच्या भूमिगत टाकीत झिरपा झाला की पेट्रोल भरून निघालेल्या पाच-सहा गाड्या काही अंतरावर ओळीने बंद पडतात. असं झालं तर स्टार्टर मारत बसू नका, त्याने तो थर पंप-इंजेक्टरपर्यंत पोचतो. टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत नमुना काढा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. आडवी रेघ दिसली तर पाणी आहे हे नक्की. बाटली आणि पावती दोन्ही जपा.

पंपावर घनता तपासून मागण्याचा हक्क सगळ्यांना ठाऊक आहे. पण इथेनॉल जास्त मिसळलंय का, हे त्या परीक्षेत कळत नाही. नोंदवलेल्या घनतेपेक्षा घनमीटरमागे ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. पेट्रोलची घनता ७४० धरली आणि इथेनॉलची ७८९, तर इथेनॉल २० ऐवजी २५ टक्के असलं तरी फरक पडतो जेमतेम अडीच किलोचा. म्हणजे पास.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. १०० मिलीचा काचेचा मोजपात्र नळा घ्या, त्यात ८० मिली पेट्रोल आणि बरोबर २० मिली पाणी. तोंड बंद करून मिनिटभर हलवा, मधून झाकण सैल करून वाफ सोडा, मग पंधरा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. ई२० असेल तर तो ३४ ते ३६ मिलीच्या दरम्यान येतो. ४० च्या पुढे गेला तर विचारायला हरकत नाही. पाण्यात खाण्याचा रंग टाकला तर रेघ स्वच्छ दिसते. उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको, आणि प्लास्टिकचा पेला तर नकोच.

बाकीच्यांना काय मिळतं

फायदे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. सरकारी हिशेबाने २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १.४४ लाख कोटी रुपयांचं परकीय चलन वाचलं. ई२० वर दुचाकीतला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यापर्यंत आणि चारचाकीतला ३० टक्क्यांपर्यंत उतरतो. ॲसिटाल्डिहाइड हा त्रासदायक वायू वाढतो, त्याची चर्चा कमी होते.

उसापेक्षा मका पाण्याला हलका, हाही खरा मुद्दा. नीती आयोगाच्या हिशेबाने उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी जातं. सिल्लोड, येवला, मालेगाव पट्ट्यात खरिपाचा मका बराचसा पावसावर येतो. तिथे मका आणि मराठवाड्यात ऊस, यांत निवडायचं झालं तर मका केव्हाही बरा.

पण जमीन? देशात मक्याचं सरासरी उत्पादन हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास, म्हणजे एकरी चौदा क्विंटल. त्याचं इथेनॉल ५३० लिटर, आणि पेट्रोलच्या भाषेत ३५० लिटर. वर हिशेब केलेल्या जुन्या कारला हे वर्षभरही पुरत नाही. अमेरिकेत मका हेक्टरी अकरा टन येतो आणि तिथले कारखाने टनाला ४२० लिटरच्या पुढे काढतात. तरी त्यांच्या मक्याचा जवळपास ४० टक्के वाटा इथेनॉलकडे जातो आणि पेट्रोलमध्ये मिसळण्याचं प्रमाण मात्र दहा टक्क्यांच्याच आसपास.

चोथ्याचा फटका बसला सोयाबीनला. क्विंटलमागे २५-३० किलो निघणारा हा चोथा डीडीजीएस नावाने पशुखाद्यात जातो. प्रथिनं २७ ते ३० टक्के, सोयापेंडीत ४६ च्या पुढे, पण स्वस्त. खाद्य कारखान्यांनी सोयापेंड कमी केली आणि लातूरच्या बाजारात सोयाबीन हमीभावाखाली राहण्याच्या कारणांत या चोथ्याचीही भर पडली. पोल्ट्रीवाल्यांची कोंडी दुहेरी: २०२४ मध्ये मका महागला, आणि चोथ्यात बुरशीच्या विषाची भीती. स्टार्च निघून गेल्यावर मक्यातलं अफ्लाटॉक्सिन चोथ्यात सुमारे तिप्पट दाट होतं. तेव्हा चोथा घेताना तपासणीचा कागद मागावाच. एकेकाळी मका निर्यात करणाऱ्या देशाने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून तो आणला, हे वेगळंच.

कार्बनवर अमेरिकेतले अभ्यासक अजून भांडताहेत. आर्गोन प्रयोगशाळेच्या २०२१ च्या हिशेबात मक्याचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा ४४ ते ५२ टक्के स्वच्छ निघालं. २०२२ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने नांगरली गेलेली नवी जमीन आणि वाढलेलं खत मोजलं, तेव्हा ते पेट्रोलपेक्षा किमान २४ टक्क्यांनी मळकं असण्याची शक्यता पुढे आली. आपल्याकडचा अधिकृत आकडा ५० टक्के कमी असा आहे. कोळशावर वाफ करणाऱ्या डिस्टिलरीचा मका आणि उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या कारखान्याचा रस एकाच तागडीत घालता येत नाही, एवढं तरी मान्य व्हावं.

एक गोष्ट अमेरिकेकडून उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे पंपावरची पाटी. तिथे ई१५ च्या नोझलवर २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठीच असं लिहिलेलं असतं, मोटरसायकलला ते भरायला मनाई आहे, आणि बोटी-गवतकापणीसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल काही पंपांवर वेगळं मिळतं. आपल्याकडे असा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

निकाल

२०२३ नंतरची गाडी: निर्धास्त भरा, पाचपैकी चार. २०२३ आधीची इंजेक्शनवाली: भरा, पण नळ्या बघत राहा, तीन. कार्ब्युरेटरची: दोन, आणि तेही गाडी रोज चालत असेल तर. महिनाभर उभी राहणार असेल तर पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. कॉक बंद करून फ्लोट चेंबरचं पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाका.

टू-स्ट्रोक ब्रश कटर आणि फवारणी पंपाला एक. इंजिन लहान, इंधन ओढणारा डायाफ्राम (पडदा) रबराचा, मिश्रण हलकं पडून तापणारं, आणि ही यंत्रं वर्षातले सात-आठ महिने खुंटीला असतात. तेल मिसळलेलं पेट्रोल पंधरा दिवसांपुरतंच करा, डबा घट्ट बंद ठेवा. मक्याची काढणी झाली की टाकी रिकामी करून इंजिन सुरू करा आणि कोरडं पडून आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या. नाहीतर पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून हात दुखतील आणि डायाफ्रामचा किट घ्यायला तालुक्याला जावं लागेल.